विहिरीत कॅमेरा उतरवला की हाऊसिंगच्या आत धुकं धरतं, त्यावर उपाय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उपाय आधीच सांगतो. हाऊसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायची बंद पेटी, तिचं उघडायचं-बंद करायचं काम विहिरीच्या काठावर करू नका, घरूनच बंद करून आणा, आणि बंद करताना हात, मनगट, डोक्याचे केस सगळं कोरडं पाहिजे. बहुतेकांचं धुकं एवढ्यानं जातं. पण ज्यांचं जाऊन परत परत येतं त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण हे धुकं दर वेळी एकाच कारणानं येत नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वेगळं कारण, भादव्यात वेगळं, थंडीत अजून वेगळं, आणि आपण मागच्या खेपेचा उपाय पुढच्या खेपेला लावत बसतो.

आम्ही तिघं जण साक्री तालुक्यात पांझरेच्या बाजूच्या जुन्या दगडी विहिरींमध्ये पाण्याखालचे व्हिडिओ काढतो, काही डाइव्हिंगच्या आठवणीसाठी आणि बरेचसे तिथल्या जिवांसाठी. मी ओपन वॉटरचा, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स तारकर्लीला केला, पण आपल्याकडे हवेची भरलेली टाकी वर्षातून एकदोनदाच हाताला लागते, बाकी वेळ स्नॉर्कल आणि श्वास रोखून बुडी. विहिरीत काय बघायचं असं लोक विचारतात. तर आपल्या बेसॉल्टमध्ये वरचा मुरूम संपून खालचा काळा पाषाण जिथे सुरू होतो त्या सांध्यातून झरे फुटलेले असतात, आणि पाणी नितळ असेल तर झऱ्याच्या तोंडाशी वाळूचे बारीक पांढरे कण उकळी आल्यासारखे एका जागी नाचताना दिसतात. थोडे वर येतात, कडेला सरकतात, खाली पडतात, परत वर. तिथेच बारके मासे तोंड करून उभे असतात, कपारीत खेकडा असतो, पाणदिवड भिंतीच्या फटीतून डोकं काढून बघते, आणि नशीब असलं तर मऊ पाठीचं कासव तळाच्या गाळात मानेपर्यंत रुतून बसलेलं सापडतं. हे सगळं दाखवायचं म्हणजे काच स्वच्छ पाहिजे, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

माझ्याकडे तीन भादवे हेच झालं. एका विहिरीत मरळ आहे, कोणीतरी कधीतरी आणून टाकलेली असेल. पावसाळ्यात ती पिल्लं काढते. मरळीची पिल्लं लहानपणी लालसर केशरी असतात आणि सगळी मिळून एक चेंडू करून फिरतात, चेंडू वर हवा घ्यायला येतो तेव्हा पाण्याला खालून मिरच्या उकळल्यासारखं दिसतं, आणि त्याच्या बरोबर खाली मोठी मरळ पहारा देत उभी असते. हवा तिलाही वर येऊन घ्यावी लागते, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, त्यामुळे थांबून राहिलं तर ती समोर येतेच. पहिल्या वर्षी ती समोर आली आणि घरी येऊन बघतो तर सगळा व्हिडिओ दुधात बुडवल्यासारखा. दुसऱ्या वर्षी नवीन हाऊसिंग घेतलं, महागातलं, तरी तेच. तिसऱ्या वर्षी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या, तरी पंधराव्या मिनिटाला काच गेली. तेव्हा पैसे घालायचं थांबवलं आणि थर्मामीटर घेऊन बसलो.

आता मुद्द्याचं. हवेत वाफ असते, हवा गार झाली की तिला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही, ज्या तापमानाला ती वाफ सोडायला लागते त्याला दवबिंदू म्हणतात. हाऊसिंगची पुढची काच बाहेरून पाण्याला टेकलेली असते म्हणजे तिचं तापमान पाण्याएवढंच होतं. आतल्या हवेचा दवबिंदू पाण्याच्या तापमानापेक्षा वर असेल तर काचेवर धुकं धरणारच, तुमचं हाऊसिंग कितीही भारी असो. आमच्या विहिरींत मी दर खेपेला दोरीला थर्मामीटर बांधून सोडतो, खालचं पाणी वर्षभर २६-२७ अंशांच्या आसपास भरतं, उन्हाळ्यात वरचा हातभर थर ३० च्या पुढे जातो पण खाली तेच. म्हणजे आपल्याला बघायचा आकडा २६.

आखाजीच्या दिवसात बाहेर ४२ अंश आणि हवा कोरडी, आर्द्रता २० टक्के धरा, तर दवबिंदू येतो साधारण १४. चौदा कुठे नि सव्वीस कुठे, धुकं यायचं कारणच नाही. आता भादव्यात बघा, ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के, दवबिंदू २७. म्हणजे बांधावर उभं राहून हाऊसिंग बंद केलं तर ती हवा २६ अंशांच्या काचेला लागली की धुकं सोडणारच. दवबिंदूचा आकडा काढायला गणित करत बसू नका, मोबाईलवर हवामान दाखवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये तो थेट दिलेला असतो. मी एक साधा हिशोब ठेवलाय, दवबिंदू पाण्याच्या तापमानापेक्षा निदान पाच अंशांनी खाली पाहिजे, नाहीतर त्या हवेत हाऊसिंग बंद करायचंच नाही.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर. बाहेर ऊन म्हणून आपण आत येऊन कूलरसमोर बसतो आणि तिथेच आरामात बॅटरी घालून हाऊसिंग बंद करतो. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून करतो. कूलरच्या तोंडासमोर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ वर जातो, म्हणजे मे महिन्यात तुम्ही घरात बसून भादवा तयार केला आणि तो हाऊसिंगमध्ये भरला. मे मध्ये हाऊसिंग बंद करायची चांगली जागा म्हणजे कूलर नसलेली खोली, ओटा, पडवी, नाहीतर झाडाखालची सावली, जिथे हवा कोरडी आहे. घाम येतो, तो पुसा, पण कूलरपासून लांब राहा. एसी वेगळा, एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, २४ अंश आणि ५० टक्के असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास. घरी एसी नसेल तर गाडीचा चालतो, काचा वर करून दहा-पंधरा मिनिटं एसी लावा आणि मग बंद करा, फक्त गाडीत ओले कपडे आणि चार जण कोंबलेले नकोत, श्वासातली वाफही त्याच हवेत जाते. एकदा एसीत बंद केलं की मग पाण्यातून बाहेर निघेपर्यंत उघडायचं नाही. भादव्यात एसीतून बाहेर आणल्यावर वरून काच पांढरी होते, तिला घाबरू नका, ते बाहेरचं आहे, पाण्यात जातं.

आता दुसरं कारण, आणि माझ्या मते हेच खरं मोठं. पुन्हा आखाजी. हवा कोरडी, सावलीत बंद केलेलं, दवबिंदू १४, आणि तरी धुकं. हे गणितात बसेना. त्या दिवशी मी एक बुडी मारून वर आलो, विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे काठावर मोटेचं पाणी पडायच्या जागी, बसून बॅटरी बदलत होतो, विहिरीचे मालक नाना शेजारी बसून बघत होते, ते म्हणाले, "आरे भाऊ, पह्यले हात तं पुसी ले." मी हात बघितले तर बोटांच्या पेरांमध्ये पाणी, मनगटावरून ओघळ, आणि केसातून टपकन एक थेंब हाऊसिंगच्या आतल्या कोपऱ्यात पडलेला, मला कळलंही नव्हतं.

घरी येऊन हिशोब केला. हाऊसिंगमध्ये कॅमेरा बसवल्यावर मोकळी हवा किती राहते, १०० मिली धरू, प्रत्यक्षात त्याहून कमीच. भादव्यातल्या दमट हवेतसुद्धा एवढ्या जागेत वाफ असते जेमतेम अडीच मिलिग्रॅम. आणि एक थेंब पाणी म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅम. वीसपट! म्हणजे एसी शोधत गावभर फिरायचं, पुड्या घालायच्या, आणि बोटाच्या टोकाचा एक थेंब त्या सगळ्यावर पाणी फिरवतो. वर कॅमेरा चालू असला की तापतो, बॅटरीजवळ चांगलाच गरम होतो, तो थेंब हळूहळू वाफ होतो आणि ती वाफ आत जी सगळ्यात गार जागा आहे तिथे जाऊन बसते, आणि ती जागा म्हणजे पाण्याला टेकलेली काच. म्हणून हे धुकं लगेच दिसत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी येतं, आणि तोवर आपण खाली असतो.

यावरून ओळखायचं कसं ते सांगतो, मी सगळे जुने व्हिडिओ परत लावून हे जुळवलंय. पाण्यात गेल्या गेल्या पहिल्या पाच मिनिटांत पातळ, एकसारखी, दुधाच्या सायीएवढी झाक आली आणि पुढे वाढली नाही तर ती आत अडकलेल्या दमट हवेची. पंधरा-वीस मिनिटांनी आली, मधून सुरू होऊन दाट होत गेली आणि शेवटी बारीक थेंब दिसायला लागले तर आत पाणी होतं, हाताचं, केसांचं, नाहीतर मागच्या खेपेला धुवून नीट न वाळवलेलं. खालच्या कडेला पाण्याची रेघ हलताना दिसली तर ती गळती, तिथे धुक्याचा विचार सोडा, लगेच वर या आणि कॅमेरा वाचवा.

थेंबावरचा उपाय साधाय पण पाळायला कठीण, कारण पाण्यातून बाहेर आल्यावर धीर नसतो. मी आता असं करतो. शक्यतो बॅटरी बदलायचीच नाही, एका बंद हाऊसिंगवर एक दिवस. त्यासाठी पूर्ण चार्ज, स्क्रीन लवकर बंद होईल असं सेटिंग, वायफाय बंद, आणि ४के ६० च्या जागी ४के ३० (सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम), त्यानं बॅटरीही टिकते आणि कॅमेरा तापतोही कमी, म्हणजे दोन्हीकडून फायदा. सलग रेकॉर्डिंग सोडून काही दिसलं की चालू, गेलं की बंद. बदलावीच लागली तर जो पाण्यात उतरलेला नाही त्याच्या हातानं. आमच्यात एक जण कायम वर असतो, सुरक्षेसाठी तसंही पाहिजेच, तोच बॅटरी बदलतो. हाऊसिंग आधी बाहेरून पुसायचं, कडीच्या आणि बिजागरीच्या खाचेत पाणी अडकलेलं असतं ते फुंकून नाहीतर झटकून काढायचं, मग काच खाली धरून उघडायचं नाही, दार खाली येईल असं धरायचं, म्हणजे खाचेतलं पाणी आत न येता बाहेर ओघळतं. ही शेवटची गोष्ट छोटी वाटते पण माझे अर्धे थेंब तिथूनच आत जात होते असं मला आता वाटतं. एकट्यानंच सगळं करायचं असेल तर आधी डोक्याला रुमाल बांधा.

पुसायला सुती टॉवेल, उपरणं, बनियन काही नको. सुताचा एक तंतू दाराच्या रबराच्या रिंगवर बसला की तिथून पाणी वाट काढतं. आपल्याकडे हे फार होतं, कापूस वेचणीच्या दिवसात तर हवेतच तंतू असतात, शेतात चाललेल्या वेचणीच्या बाजूला बसून हाऊसिंग उघडलं आणि रिंगवर भिंगातून बघितलं तर दोन-तीन तंतू चिकटलेले दिसतातच. काळ्या मातीची धूळ तशीच. चष्मा पुसायचं मायक्रोफायबर फडकं वापरा. रिंग बोटानं काढा, टाचणीनं नको, ओरखडा पडतो. ग्रीस लावायचं असेल तर कंपनीनं सांगितलेलंच, आणि रिंग नुसती ओलसर चमकेल इतकं, जास्त लावलं की तेच धूळ धरून ठेवतं. काही हाऊसिंगच्या रिंगला ग्रीस लावायचंच नसतं, सोबतचा कागद बघून घ्या.

गळती आहे की नाही याची खात्री घरी करता येते. हाऊसिंगमध्ये कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर भरा, बंद करा, दगड बांधून बादलीत अर्धा तास बुडवा. कागदाचा कोपरा जरी ओला झाला तरी कारण सापडलं. बादली उथळ आहे म्हणून ही टेस्ट खोटी समजू नका, बऱ्याच गळत्या उथळ पाण्यातच होतात, खोल गेल्यावर दाबानं दार रिंगवर अजून घट्ट बसतं. आणि म्हणूनच कॅमेरा हातात धरून विहिरीत मुटका मारायचा नाही. लहानपणापासून सवय आहे सगळ्यांना, मान्य, पण त्या दणक्यानं दार क्षणभर सैल होतं. आधी तुम्ही उतरा, मग दोरीनं कॅमेरा खाली घ्या.

धुक्याची टेस्टही घरी होते. कॅमेरा घालून हाऊसिंग बंद करा, बादलीतलं पाणी थर्मामीटरवर २४-२५ ला आणा, उन्हाळ्यात माठातलं पाणी साधारण तिथेच असतं, नाहीतर थोडा बर्फ टाका. त्यात बुडवून रेकॉर्डिंग चालू करून अर्धा तास ठेवा. काच स्वच्छ राहिली तर विहिरीत राहणार. नुसत्या बर्फाच्या पाण्यात ही टेस्ट करू नका, पाच-सात अंशांवर चांगलं बंद केलेलं हाऊसिंगही धुकं धरतं आणि तुम्ही विनाकारण ते बदलायला निघाल.

सिलिका जेलबद्दल. त्याचा उपयोग आहे, पण ते हळू काम करतं. घातलं आणि लगेच उडी मारली तर काही होत नाही, आदल्या रात्री घालून बंद केलं तर सकाळपर्यंत आतली हवा बऱ्यापैकी कोरडी होते. पुडी जुनी असेल तर ती आधीच भरलेली असते, निळ्या दाण्यांची गुलाबी झाली म्हणजे ती काही शोषणार नाही. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवली की परत निळी होते, पुडी कागदाची किंवा प्लास्टिकची असेल तर दाणे काढून. निळे दाणे कोबाल्टचे असतात, विषारी, ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पुडी मिळाली नाही तर सॅनिटरी पॅडचा छोटा तुकडा कापून कॅमेऱ्याच्या खाली सरकवा, पाण्याखाली फोटो काढणारे बरेच जण हे करतात, थेंब असेल तर तो सिलिकापेक्षा पटकन धरतो. तुकडा दाराच्या कडेला येऊ देऊ नका एवढंच. आणि ओला कॅमेरा तांदळाच्या नाहीतर ज्वारीच्या डब्यात खुपसायचं बंद करा, त्यातली पीठ-धूळ रिंगमध्ये आणि बटणात जाते. हवाबंद डबा आणि ताजं सिलिका, त्यात दिवसभर. ज्यांचा कॅमेरा हाऊसिंगशिवायच पाण्यात जातो त्यांचं धुकं कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पुढच्या काचेमागे धरतं, तिथेही हाच उपाय, बॅटरीचं दार उघडून डब्यात.

बाहेरच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण जे शिकतो त्यात एक घोळ आहे. गोड्या पाण्याच्या झऱ्यातलं डाइव्हिंग म्हटलं की फ्लोरिडाचे झरे समोर येतात, जिनी स्प्रिंग्ज, क्रिस्टल रिव्हर, तिथे थंडीत मॅनाटी हे मोठे पाण्यातले सस्तन प्राणी झऱ्याच्या पाण्यात ऊब घ्यायला येतात. त्या झऱ्यांचं पाणी वर्षभर साधारण २२ अंश. तिथल्या उन्हाळ्यात हवेचा दवबिंदू २४ च्या आसपास असतो, म्हणजे बाहेर बंद केलेलं कुठलंही हाऊसिंग धुकं धरणारच, म्हणून ते लोक एसीच्या खोलीत बंद करण्यावर इतका जोर देतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. आपलं पाणी त्याहून चार-पाच अंशांनी गरम, आपला उन्हाळा कोरडा. मे मध्ये आपल्याला एसीची गरज नाही, भादव्यात त्यांच्याइतकीच आहे. त्यांचं सगळं जसंच्या तसं उचललं की आपण नको तिथे मेहनत करतो आणि हाताच्या थेंबाकडे बघतच नाही.

थंडीचं उलटं. भरीत-पुरीच्या दिवसात सकाळी बाहेर १० अंश, विहिरीवर वाफा निघतात, पाणी तेच २६. पाण्यात असेपर्यंत काच स्वच्छ राहते, आणि वर आलात की पाच मिनिटांत आतून पांढरी, कारण आता काचेला गार वारा लागतो. वर काठावरचं, माणसांचं, पाण्यातून डोकं काढताना असं काही शूट करायचं असेल तर ते आधी उरका. पुन्हा पाण्यात धरलं की काच मोकळी होते. थंडीत उतरण्याआधी हाऊसिंग दहा मिनिटं उन्हात ठेवलं तर चालतं, उन्हाळ्यात मात्र उन्हात अजिबात नको, तापलेला कॅमेरा स्वतःच बंद पडतो.

पाण्यात असताना धुकं आलंच तर? कॅमेरा बंद करा. गरमी थांबली की आतली वाफ वाढायची थांबते, पाच-सात मिनिटांत पातळ धुकं कधी कधी विरळ होतं. उन्हाळ्यात वरचा थर ऊबदार असतो, त्यात धरलं तर लवकर जातं. पण टाकी घेऊन उतरला असाल तर काच पुसायला म्हणून खालीवर करायचं नाही, वारंवार खालीवर करणं शरीराला चांगलं नाही, त्या दिवशी व्हिडिओ सोडा आणि डोळ्यांनी बघा.

आणि काही वेळा ते धुकं नसतंच. पाण्यात गेल्यावर काचेला बाहेरून बारीक बुडबुडे चिकटतात, अंगठ्यानं एकदा फिरवलं की जातात. बोअरचं जड पाणी काचेवर सुकलं की पांढरे डाग राहतात, ते आतून धुकं वाटतं, म्हणून शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानं करा. काचेला टूथपेस्ट घासू नका, मास्कला चालते म्हणून इथे चालत नाही, वरचा थर जातो. उनपदेवला एकदा गरम पाण्याच्या कुंडात कॅमेरा धरला होता तेव्हा सगळं डांबरी रस्त्यावरच्या उन्हासारखं थरथरत होतं, मी हाऊसिंग उघडून पुसलं, परत तेच. गरम आणि गार पाणी मिसळतं तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो, काचेचा काही दोष नाही, कॅमेरा अर्धा हात बाजूला घेतला की चित्र स्थिर होतं. तिथे लोक अंघोळीला येतात, आधी विचारा, माणसं फ्रेममध्ये घेऊ नका.

विहिरीत उतरणाऱ्यांनी हे मात्र धुक्याच्या आधी करायचं. मोटार नुसती बंद नाही, स्टार्टरचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, कारण लाइट आली की ऑटोवरची मोटार आपोआप सुरू होते, आणि पाण्यात करंट उतरला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. बरेच दिवस न वापरलेल्या, झाकलेल्या विहिरीत पाण्याच्या वर वायू साचलेला असू शकतो, वाचवायला गेलेले लोकही त्यात गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, तशा विहिरीत उतरूच नका. आडव्या बोअरमध्ये आणि कपारीच्या आत शिरायचं नाही, डोक्यावर दगड असलेल्या जागेचं प्रशिक्षण वेगळं असतं, ओपन वॉटरच्या कार्डात ते येत नाही. काठावर एक माणूस आणि पाण्यापर्यंत पोचलेला जाड दोर. मालकाची परवानगी तर आहेच. कासव दिसलं तर हात लावायचा नाही, उचलून काठावर फोटो तर अजिबात नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गाळात शांत बसलेल्या जिवाला उपसून काढायचं काय कारण. थोडं लांब, दिवा तोंडावर न मारता, स्थिर राहिलं तर ते स्वतःच मान बाहेर काढून नाकाचं टोक हलवतं, आणि तोच शॉट चांगला येतो.

मागच्या भादव्यात, पोळा होऊन आठ दिवस झाले होते, आदल्या रात्री मित्राकडे एसीत हाऊसिंग बंद केलं, आत ताजी पुडी आणि पॅडचा तुकडा, सकाळी तसंच नेलं, नानांच्या हातून दोरीनं खाली घेतलं. झऱ्यापासून हातभर अंतरावर तळाचा दगड धरून थांबलो, एकेका बुडीला मिनिटभर. सातव्या का आठव्या बुडीला केशरी चेंडू भिंतीच्या कडेनं आला, मागे मरळ. ती कॅमेऱ्याकडे वळली, तोंड उघडून मिटलं, आणि तिच्या गालावरचा एक एक खवला मोजता येईल इतकी काच स्वच्छ होती. वर आलो तर नानांनी पहिलं हेच विचारलं, काचला काय व्हयनं?

अजूनही तुमचं धुकं जात नसेल तर विचारताना एवढं सांगा म्हणजे नेमकं सांगता येईल: हाऊसिंग कुठे आणि किती वाजता बंद केलं, तेव्हाचा दवबिंदू, पाण्याचं तापमान, धुकं किती मिनिटांनी आलं, आणि काचेच्या मधे आलं की कडेला.